सूनबाईचे तळपाय

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. लिहितेय सूनबाई, त्यामुळे तिच्याविषयी सगळं गोडच.

माझ्या साखरेसाठी लेकाने वर्षाची फी आगाऊ भरून खासगी डॉक्टर लावलाय. मोजकेच पेशंट घेतो, म्हणून रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर माझे तळपाय बघतो. अंगठ्याला फोड आला, तेव्हा तो माझं फिरणं बंद करील म्हणून मी सूनबाईला दटावून तिचेच पाय पुढे केले.

"आजी, नखं कधीपासून रंगवायला लागलात?"

तासाभरात दारात हजर. "आणखी दोन दिवस लपवलं असतंत, तर अंगठा गेला असता," म्हणाला.

तुझी टाच अजून चिघळतेय ना? सोमवारी तो तुला फोन करणार आहे. तुझीही सून नखं रंगवते, हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय.

दहाही बोटं शाबूत असलेली,
तुझी ताई