मोरागबाईंचा शब्द

बॉथेल,
११ मार्च २०२५

चि. आसावरीस,

आईचे अनेक आशीर्वाद. रुहीला गोड पापा, कॅलमला आठवण सांग.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही, म्हणून कागद घेतलाय. सहावीपर्यंत नाशिकच्या शाळेत होतीस, तेव्हा माझं अक्षर लागेल तुला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना घरातली सगळी धूळ दिसते आणि ते मला ती दाखवत फिरतात.

डिसेंबरात तू म्हणालीस, "आई, मोरागने तुला स्पष्ट सांगितलं होतं. तरी तू तिकीट कॅन्सल केलंस."

मी म्हणाले, "तुझ्या सासूबाई स्पष्ट कधी बोलतात?"

तू फोन ठेवलास. तो आपला शेवटचा फोन.

अगं, चिडचिड होते ती याचीच. वीस वर्षं इथल्या अमेरिकन लॅबमध्ये मी इंग्रजीत रिपोर्ट लिहिले आणि एका शब्दावर आपटले! ऑक्टोबरात रुही अकरा दिवसांची असताना मी तुला फोन केला, तो तुझ्याकडे आलेल्या मोरागबाईंनी घेतला. म्हणाल्या, "शी इज ग्रीटिन फॉर हर मम." मला वाटलं, तू माझ्यासाठी ग्रीटिंग ठेवलंयस, म्हणजे नमस्कार सांगितलायस. सख्ख्या मुलीने आईला सासूकरवी नमस्कार सांगावा! "थँक यू, सेम टू हर," म्हणून मी फोन ठेवला आणि त्याच रागात तिकीट कॅन्सल केलं.

जानेवारीत न राहवून मी त्यांना स्कॉटलंडला फोन लावला. त्या म्हणाल्या, "कांचन, आमच्याकडे ग्रीट म्हणजे रडणं. ती तुझ्यासाठी रडत होती. तू ऐकूनही आली नाहीस, म्हणून मी तुला दगडाच्या काळजाची समजले."

तेव्हापासून दर रविवारी मी त्या शब्दाची वाक्यं करून त्यांना ई-मेल करते, त्या तपासतात. 'आय ग्रीटेड' चूक; भूतकाळ 'ग्रॅट'. तीन रविवार तेच चुकले. 'ग्रीटिन टू हर मम' चूक, 'फॉर' हवं. एकदा वही भिरकावून दिली. बाबांनी ती उचलून आणली आणि म्हणाले, "कशाला हा हट्ट? पोरीला सॉरी म्हण आणि मोकळी हो." मी त्यांच्यावरच ओरडले. नुसता शब्द चुकला असता तर सॉरी म्हणणं काय अवघड होतं?

परवाच्या रविवारी वाक्य केलं: माझ्या मुलीला ग्रीटिन करताना मी ऐकलं आणि तिकीट कॅन्सल केलं.

मोरागबाईंचं उत्तर आलं, "वाक्य बरोबर आहे. पण हे खरं आहे का? तुला ती ऐकू आली होती?"

आसू, आली होती.

फोनमध्ये मागून आवाज येत होता. बाबांना मी सांगितलं, बाळ रडतंय. अकरा दिवसांचं बाळ तसं रडत नाही, हे मला कळत होतं. तो तुझा आवाज होता. पण बाळंतपणाला तू मोरागबाईंना आधी बोलावलंस आणि मला म्हणालीस, "आई, तू नंतर ये." ते मला लागलं होतं. म्हणून त्या शब्दाचा सोयीचा अर्थ मी घट्ट धरला आणि तीन महिने त्यांच्या इंग्रजीला नावं ठेवत राहिले.

गुरुवारी शिकागोला येतेय. डेव्हन रस्त्याजवळ पद्मिनीमावशीकडे उतरेन. शनिवारी सकाळी दहाला तुझ्या दाराशी येईन, बेल एकदाच वाजवीन. उघडलं नाहीस तर डिंकाच्या लाडवांचा डबा पायरीवर ठेवून परत जाईन आणि रविवारी पुन्हा येईन. माफी समोर उभं राहून मागायची आहे. इथे लिहून सुटका करून घेत नाही.

तुझा आवाज ओळखूनही न आलेली,
आई