मोजणीबाहेरची फेरी

प्रिय ठमे,

फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते’ म्हणतेस आणि तुझं ते ‘नंतर’ काही उजाडत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. पत्र तरी मध्येच ठेवून देता येत नाही.

काल तुमच्या कंपनीचा माणूस आला होता. आपल्या इमारतीखालचा भाड्याच्या सायकलींचा स्टँड सोमवारी उचलणार म्हणाला. का, तर म्हणे इथून कुणी सायकल नेतच नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, मग रोज संध्याकाळी मी काय घोड्यावरून जाते? बिचारा वरमला. मग त्याने समजावलं, की सायकल जिथून घेतली तिथेच परत लावली तर ती बिघडलेली होती असं धरतात आणि ती फेरी आकड्यांतून काढून टाकतात. हा नियम कुणाचा विचारलं, तर त्याने तुझंच नाव घेतलं! कपाळावर हात मारला मी. हसूही आलं. त्याला बळेबळे बसवून घेतलं. घरात किती दिवसांनी कुणीतरी खुर्चीत बसलं होतं.

तुझं गणित चुकलं असं नाही गं. माणूस सायकल घेतो ती कुठेतरी पोचायला. मी तळ्याला वळसा घालून परत येते, कारण मला जायचंय कुठे? बाबा होते तेव्हा आम्ही पुलापलीकडे जायचो, ते पुढे आणि मी धापा टाकत मागे. ते गेल्यापासून पुलाचा तो चढ नकोसा झालाय. घर खायला उठतं. हल्ली मी रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईलाच उत्तरं देते.

स्टँड लागला तेव्हा तू म्हणाली होतीस, आई, तिथली सायकल हलली की मला ऑफिसात नकाशावर दिसतं. तेवढंच मी धरून बसले. गुडघे कुरकुरले तरी निघायचे. वाटायचं, चला, लेकीला कळलं, आई धडधाकट आहे. आणि तू तर माझ्या फेऱ्या बिघाड म्हणून पुसत होतीस! तो माणूस गेल्यावर फार रडले.

स्टँड ठेव म्हणून गळ घालायला हे लिहीत नाहीये. शुक्रवारी सकाळी मी इथली सायकल घेणार आणि पूल ओलांडून तुझ्या ऑफिससमोरच्या स्टँडवर लावणार. चढावर उतरून ढकलीन, वेळ लागेल. पण ही फेरी तुला मोजावीच लागेल. खाली येशील ना?

तुझीच,
आई