तारेनं बांधलेली बडगी

माय, तुझी होती तशी बडगी करायला मी शिकतोय. ज्या हातानं तुझी फुटली त्याच हातानं. इथे सुरतेत बडगी म्हटलं की कुणाला कळत नाही. सांगावं लागतं की होडीसारखं कोरलेलं लाकडाचं भांडं असतं, त्यात भाजलेली वांगी मुसळीनं ठेचायची आणि भरीत करायचं. समोरचा म्हणतो, मग मिक्सर कशाला आहे? तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली, तुला बरंच माहीत नाही. सचिन भागातल्या मिलमधून मला मारामारीवरून काढलं. आता पांडेसऱ्याला आहे, कपडा रंगवायच्या खात्यात. माझं लग्न झालं. नवागामात खोली घेतली. बायको आपल्याकडचीच, अमळनेरकडची, तिचे आईबाप इथेच मागच्या गल्लीत राहतात. ती घरात अहिराणीच बोलते. कधी पाठमोरी बसून बोलली की तूच बोलतेस असं वाटतं, आणि माझी पाठ आपोआप ताठ होते.

तुझं ठेचणं मला अजून पाठ आहे. आधी हिरवी मिरची, लसूण, मीठ. मग कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, सोललेली, वाफाळणारी. तू उकिडवी बसायचीस, पदर खोचलेला, बडगीचं एक टोक पायाच्या अंगठ्यानं दाबून धरलेलं, आणि मुसळी अशी हाणायचीस की फळीवरच्या ताटल्या वाजायच्या. हिवाळ्यात लोक शेतात भरिताचा बेत करायचे तेव्हा तुलाच बोलावणं यायचं, कारण तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नव्हता. तो हात मलाही माहीत होता. ती मुसळी माझ्या नडगीवर बसलीय, पाठीवर बसलीय, एकदा कोपरावर बसली तेव्हा तीन दिवस हात वळत नव्हता. मारून झालं की तू त्याच मुसळीनं पुढचं वांगं ठेचायचीस, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर पहिला गोळा मलाच वाढायचीस. बडगी तुझ्या माहेरची होती, बाभळीच्या एका ओंडक्यातून काढलेली, आतून काळी आणि गुळगुळीत. तिला नुसता पाय लागला तरी तू ओरडायचीस, “बडगीले हात लावशी तं बोटं ठेची टाकसू.” मला त्यात काही खोटं वाटायचं नाही.

बायकोनं पहिल्या हिवाळ्यात मिक्सरमध्ये भरीत केलं. एक घास खाऊन तीच म्हणाली, “हाई भरीत नही, हाई चटनी शे.” मी म्हणालो, थांब, मी बडगी करतो. आपल्यात कुणी सुतार नाही, पण मोबाइलवर सगळं शिकवतात. ड्युटी सुटली की मी बघत बसायचो. एक गोरा दाढीवाला आहे, कुठल्यातरी बर्फाच्या गावचा, बारा मिनिटांत ओंडक्याची परात करतो. मागे पक्षी बोलत असतात. त्याच्या हातावर एक ओरखडा नाही. मी लाकडाच्या वखारीतून बाभळीचा वाळका तुकडा आणला, एक पटाशी आणि हातोडी घेतली, आणि गच्चीवर बसून त्याच्यावर तुटून पडलो. घाव घालताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी त्याचे उभे दोन तुकडे झाले. व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. तो गोरा ओलं लाकूड घेतो, ताजं कापलेलं. हे मी ऐकलंच नव्हतं, कारण तो बोलायला लागला की मी पुढे सरकवायचो. मला नुसतं मारणं बघायचं असायचं.

मग बायकोनंच शोधून काढलं की रविवारी सकाळी एका हॉलमध्ये नवशिक्यांचा लाकूड कोरायचा क्लास असतो. सगळे मोठ्या घरचे. एक दातांची डॉक्टरीण, एक बँकेतून रिटायर झालेले काका, कॉलेजच्या दोन मुली. सगळे चमचा कोरत होते. मी मला काय करायचंय ते सांगितलं तर डॉक्टरीण म्हणाली, “पहले चम्मच तो बना लो, भैया.” मी म्हणालो, “चम्मच से भरता कूटोगे क्या, मॅडम?” ती हसली, पण पुढे माझ्यापासून जरा लांबच बसायची. शिकवणारे मिस्त्री म्हातारे, गुजराती. त्यांनी मला कडुनिंबाचा ओला ओंडका दिला. मी पटाशी मुठीत उलटी धरली, सुरा धरतात तशी. ते चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, “भाई, तुं छोले छे के खून करे छे?” कोरतोयस की खून करतोयस. सगळे हसले. माझ्या कानशिलांत रक्त चढलं आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं, माय. खरंच बघितलं. सत्तरीचा माणूस. त्यांनी माझं मनगट धरलं. मी डोळे मिटले, कारण माझं मनगट कुणी धरलं की पुढे काय येतं ते मला एकच माहीत होतं. काही आलं नाही. त्यांनी पटाशी सरळ केली आणि माझंच बोट लाकडावरून फिरवलं, रेषा कुठे वळते, कुठून कापलं तर पातळ सालपट निघतं आणि कुठून कापलं तर लाकूड फाटतं. एवढंच. तरी ती दुसरी बडगी मी तळातून आरपार नेली.

तिसरी जमली. आतून गोल, कडा सारखी, टोक तुझ्या बडगीसारखं, अंगठ्यानं दाबता येईल असं. मिस्त्रींनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, आता ही पोत्यात गुंडाळ, तिच्याच सालपटांत पुरून सावलीत ठेव, आणि दोन महिने विसरून जा. दोन महिने! आमच्या मिलमध्ये स्टेंटर आहे. रंगवलेला ओला कपडा त्या मशीनच्या गरम हवेतून जातो आणि पलीकडून कोरडा निघतो. आम्ही सगळे आपापले गमछे, बनियन, पावसाळ्यात चपलासुद्धा त्याच्या अंगाशी वाळवतो. आठ दिवसांनी मी बडगी पोत्यातून काढली आणि सकाळची पाळी सुरू होताना तिथे नेऊन ठेवली. पाळी सुटायच्या आत आवाज आला. एवढ्या मशीनींच्या गोंगाटात मला तो ऐकू आला. टोकापासून टोकापर्यंत फाटली होती. तुझी फाटली होती तशीच.

घरी आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बायको भाकरी थापत होती. माझ्या हातातली बडगी बघितली आणि हसली. वाईट नाही हसली, आपली हसली. म्हणाली, “फुटनी का? जाऊ द्या, आते मिक्सरच बरं.” पुढचं मला बघितल्यासारखं आठवतं, केल्यासारखं नाही. तिनं हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं. बडगी मनगटावर बसली. तवा उलटला, भाकर गॅसवर पडून जळायला लागली. ती भिंतीला टेकून खाली बसली, मनगट छातीशी धरून. रडली नाही. जळका वास खोलीभर झाला तरी दोघांपैकी कुणी गॅस बंद केला नाही. मग ती म्हणाली, “मायले वाचाडाकरता बापनं डोकं फोडं म्हनेत ना तुम्ही? मंग आज कोनले वाचाडं?” उठली. एका हातानं माझ्या सगळ्या पटाश्या ओढणीत बांधल्या, गाठ दातांनी ओढली, आणि आईकडे निघून गेली.

तिला माहीत असलेली गोष्ट अशी, की आबा पिऊन आले, तुझ्यावर हात उगारून उभे राहिले, आणि मी तुला वाचवायला त्यांच्या डोक्यात बडगी घातली. ही गोष्ट तूच गावाला दिलीस. खरा दिवस तुला आणि मला माहीत आहे. मी आठवीत आहे. मास्तर दारात येऊन सांगतात की मी एका पोराच्या मांडीत कंपासचं टोक खुपसलं. तू ठेचता ठेचता उठतेस आणि मला आळीसमोर मुसळीनं हाणतेस. वर्गातली पोरं बघतात, हसतात. मग तू आत येऊन बसतेस आणि काही झालंच नाही असं पुन्हा ठेचायला लागतेस. मी तुझ्या पुढ्यातली बडगी उचलतो, गरम भरितासकट, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. तू मान वर करून बघतेस. तू बघत असताना मी फेकतो. तू वाकतेस. आपलं दार ठेंगणं, आबा त्याच वेळी मान खाली घालून आत येत असतात. बडगी त्यांच्या कपाळावर बसते आणि उंबऱ्यावर आपटून फाटते. रक्त आणि भरीत मिळून त्यांच्या डोळ्यांत जातं. हातातलं कागदाचं पुडकं सुटतं, त्यातून चपला बाहेर पडतात, नव्या, माझ्या मापाच्या. त्या दिवशी आबा प्यायलेले नव्हते, माय. ते तुला माझ्याआधी कळलं, कारण पदरानं त्यांचं तोंड तू पुसलंस.

आळी जमली तशी तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मग ओरडलीस, “पीसन उना, मना आंगवर धावना! पोऱ्यानी वाचाडं माले!” आबा उंबऱ्यावर बसले होते, कपाळाला पंचा. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “हा. चुकनं मनं.” रोज पिणाऱ्या माणसाचं त्या एका कोरड्या दिवशी कोण ऐकणार होतं? ती खूण त्यांच्या कपाळावर अजून आहे. फोन केला की ते फक्त विचारतात, जेवलास का. त्या संध्याकाळी तू मला मारलं नाहीस, ते पहिल्यांदाच. म्हणालीस, “आठे ऱ्हायना तं कोनले तरी मारी टाकशी,” आणि आठवड्यात मला मामाकडे सुरतेला पाठवलंस, त्याच चपला घालून. शाळा तिथेच संपली. बडगी तू तारेनं आवळून बांधलीस आणि शेवटपर्यंत तीच वापरलीस. तू गेलीस तेव्हा आबांनी ती आणून सरणावर तुझ्या पायाशी ठेवली. राख सावडताना माझ्या हाताला तार लागली. मी ती खिशात घातली.

माझं लग्नसुद्धा तुझ्या त्या गोष्टीवर जमलं. सासू अजून शेजारणींना सांगते, “मायकरता बापले भिडना तो आमना जवाई.” बायकोनंही तेच ऐकून हो म्हटलं होतं. तिनं मला ते सांगितलं तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. उलट कसं उचललं, कसं फेकलं, ते मी तिला हातवारे करून दाखवलं. एकदा नाही, दर वेळी कुणी विचारलं की दाखवलं.

परवा तिला आणायला गेलो. सासूनं पाट दिला, चहा ठेवला आणि म्हणाली, “जवाईबापू, हाई पोर न्हाणीमा सरकनी, मनगट सुजाडी लिनं. तुम्ही जरा ध्यान देत जा तिनाकडे.” मी ओट्याकडे बघितलं. ती एका हातानं कप धूत होती, दुसऱ्याला हळदीचं फडकं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आळी जमताना तू बघितलं होतंस तसं. पुन्हा एक बाई माझ्यासाठी खोटं बोलली होती आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. चहा पुढे आला. सासू म्हणाली, “साखर बराबर शे ना?” मी म्हणालो, “हो.” आणि सगळा चहा प्यालो.

जिन्यात ती मागून आली. म्हणाली, “एक डाव खोटं सांगं मी. दुसरा डाव नही. तुम्ही मना मायसमोर तोंडनं खरं सांगशात तवयच येसू. आतेनं बी, आनि तवयनं बी.” मी म्हणालो, तेव्हाचं काय? ती माझ्या हाताकडे बघत होती. “बाप हात उगारीसन उभा व्हता म्हनतस. मंग फेकीसन दखाडतस तवय तुमना हात दर डाव खाले कसा जास? खाले कोन बसेल व्हतं?” खाली तूच बसली होतीस. दोन वर्षं मी तिला माझ्याच हातानं खरं दाखवत होतो आणि तोंडानं दुसरंच सांगत होतो.

पटाश्या तिच्याकडेच आहेत. फुटलेली बडगी कोपऱ्यात पडलीय. तिला मी तार बांधणार नाही, ती तशीच राहू दे. आज रविवार, क्लासला गेलो नाही. आंघोळ केली, आता मागच्या गल्लीत जातोय, सासू घरात असते तेव्हाच. हे पत्र बरोबर नेत नाही. नेलं तर वाचून दाखवीन आणि तोंड कागदामागे लपवीन, आणि तिनं तोंडानं सांगायला सांगितलंय. तुला तर ते पाठवायलाही जागा नाही. ज्या डब्यात तुझी तार आहे त्यातच ठेवतो.

एक राहिलं, माय. हे मी तिसऱ्यांदा लिहिलं. आधीचे दोन्ही कागद फाडले. त्यात मी तुलासुद्धा लिहिलं होतं की बडगी मी आबांवर फेकली.