ओलं ताट

चिरंजीव,

तू रात्रपाळीवरून येशील तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलेलो असेन. घाबरू नकोस. दूध तापवून ठेवलंय. कुणी शिवलेले कपडे न्यायला आलं, तर उद्या या म्हणावं.

आता खरं सांगतो. आपल्या बहाई उपवासाचे एकोणीस दिवस दुखणं लपवायला माझ्या पथ्यावर पडले. दिवसा जेवलो नाही तरी तू विचारणार नव्हतास, आणि सूर्य मावळला की तू कामावर. पण उपवास संपून आज नववा दिवस, तरी घास घशाखाली उतरत नाही. ताट नुसतं विसळून पालथं घालतो, म्हणजे तुला वाटावं, बाबा जेवले. पँटची कंबर दोनदा आत घेतली. शिंप्याचं वजन उतरलेलं कुणाला दिसत नाही रे.

आजाऱ्याला उपवास माफ असतो, दुखणं आलं की जाणत्या डॉक्टरला दाखवावं, हे आपल्या बहाई बैठकीत मीच वाचून दाखवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! काल प्रार्थनेला उभा राहिलो आणि भिंत धरावी लागली, तेव्हा अक्कल आली. तुझी आई असती तर पहिल्याच दिवशी हाताला धरून नेलं असतं.

तुझ्यावर राग नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बापलेक दोघेही घुमे.

जमलं तर आज सुट्टी घे. आणि यापुढे माझं ताट ओलं दिसलं, तरी एकदा विचारत जा, "बाबा, जेवलात का?"