चारशे बारा कादंबांमधून एकशे बत्तीस कमी करणेबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
जिल्हा जलपक्षी गणना कक्ष,
सोलापूर.

अर्जदार : अतीक मकदूम मुजावर, वय ६२, धंदा घड्याळदुरुस्ती, रा. मोहोळ.

विषय : शिरसाडी तलाव (ता. मोहोळ) येथील दि. १४ जानेवारी २०२४ च्या गणनेत कादंब पक्ष्याची संख्या ४१२ ऐवजी २८० करणेबाबत व शेरा रकान्यात एक वाक्य दाखल करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपल्या कक्षाची दोन उत्तरे. ३) तलावाच्या बांधावरील फलक.

महोदय,

१. वरील विषयी हा चौथा अर्ज आहे. पहिल्या तिन्हींत 'मी' असे लिहिले होते. आपले लिपिक श्री. सोमलिंग यांनी तिसरा अर्ज परत करताना समजावले की, 'चाचा, सरकारी कागदावर मी-मी चालत न्हाय, अर्जदार म्हणून लिवा.' ही सूचना अर्जदारास मानवली. जे 'मी' म्हणून कागदावर उतरत नव्हते ते अर्जदाराच्या माथी मारता येते, असा अनुभव आहे. श्री. सोमलिंग असेही म्हणाले की, आकडा वाढवून द्या म्हणणारे लई येतात, कमी करा म्हणणारे तुमीच पहिले. त्यांच्यावर राग नाही. माणूस भला आहे, चहा पाजला.

२. अर्जदार व कै. महिपती सोपान लेंगरे, शेतकरी, रा. शिरसाडी, हे शाळेत एका बाकावर बसत. पुढे अकरा वर्षे दोघांनी मिळून शिरसाडी तलावावरील पक्षी मोजले. कामाची वाटणी ठरलेली होती. अर्जदाराने तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून पक्षी ओळखायचे, मोजायचे. महिपतीने मागे खताच्या पोत्यावर बसून लिहायचे. थवा मोठा असला की अर्जदार दर दहा पक्ष्यांना 'दहा' म्हणे, महिपती कागदावर एक रेघ ओढे आणि म्हणे, 'फुडं.' ते 'फुडं' ऐकल्याशिवाय पुढचे दहा घ्यायचे नाहीत. आणि थवा संपेपर्यंत डोळा काढायचा नाही, कारण डोळा निघाला की कुठवर आलो ते हरवते आणि सगळे पहिल्यापासून. घड्याळजीला हे शिकवावे लागत नाही. डोळ्याला भिंग असताना अर्जदार गिऱ्हाइकाकडेही वर बघत नसे. बायको कौसर म्हणे, घरात आग लागली तरी हा माणूस आधी काटा बसवील. तिला वाटे ती थट्टा करते आहे.

महिपतीला पक्ष्यांतले फारसे कळत नसे. शेकाट्या काय नि तुतारी काय, त्याला लांब पायांचे सगळे सारखे. अकरा वर्षांत रेघ मात्र एकही चुकली नाही. त्याच्या रेघा डावीकडे कललेल्या असत. गुरुजींनी छड्या मारूनही ते वळण गेले नाही. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून येथे नमूद केले.

३. दि. १४ जानेवारीस रविवार होता. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली, त्यामुळे बाकीचे स्वयंसेवक तिकडे पळाले होते. तलावावर दोघेच होते. महिपतीने घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. टिबुकल्या, चांदवे, हळदीकुंकू बदके, चार चित्रबलाक असे नेहमीचे गणगोत मोजून झाल्यावर अर्जदाराने दुर्बीण पलीकडच्या काठाकडे फिरवली. काठ राखाडी दिसत होता आणि हलत होता. डोक्यामागे दोन काळे पट्टे, चोच पिवळी, पाय पिवळे. कादंब. हिमालयापलीकडून येणारा हा पक्षी शिरसाडीला फार तर दहावीस उतरतो. त्या दिवशी नजर पोचेल तिथवर तेच होते. अर्जदाराला आनंदाने वेड लागायचेच बाकी राहिले. लपवून काय करायचे? हावरटपणाच होता तो.

महिपतीने ८ वाजून २ मिनिटे अशी वेळ लिहिली आणि मोजणी सुरू झाली.

४. दोनशे ऐंशीला महिपती म्हणाला, 'लिवलं. जाळ्यात चांदवा तडफडायलाय बघ. सोडवून आलोच.' अर्जदार 'हं' म्हणाला. डोळा दुर्बिणीला तसाच, शेवटचा कादंब नजरेत धरून. पाण्यात कोणी उतरल्याचा आवाज आला. त्यात काळजीचे काही वाटले नाही, कारण ते पाणी महिपतीच्याच शेतावरचे आहे. तलावाच्या बांधाची उंची वाढवली तेव्हा त्याचे तीन एकर आत गेले, विहिरीसकट. 'बांध न् बांध ठावा हाय मला,' असे तो नेहमी सांगे.

मग हाक आली. 'अतीक्या, थांब.' आणि थोड्या वेळाने नुसतेच, 'अतीक्या!'

अर्जदाराने डोळा काढला नाही. डावा हात वर केला. जरा थांब, एवढे होऊ दे, अशी ती खूण होती.

त्यानंतर काही काळ शांत गेला. किती ते सांगता येत नाही. मग मागून, पोत्याच्या बाजूने, नेहमीच्या आवाजात 'फुडं' आले. अर्जदाराला वाटले, आला बाबा एकदाचा. त्याने पुढचे दहा घेतले. 'फुडं.' पुढचे दहा. असे तेरा वेळा झाले, आणि वर दोन पक्षी. चारशे बारा. अर्जदार 'अरे महिपती, चारशे बारा रे!' असे ओरडून मागे वळला. पोत्यावर कोणी नव्हते. चपला होत्या, भाकरीचे फडके होते, फळीला लावलेला कागद होता.

५. शिवप्पा नावाचे मासेमारी करणारे गृहस्थ तलावाकाठी राहतात, जाळे त्यांचेच. त्यांनी बुड्या मारल्या. दुपारी बाराच्या सुमारास महिपती त्याच्याच विहिरीतून वर निघाला. कठड्याचे दगड कधीच ढासळले होते, गाळाने खूण राहिली नव्हती. जाळ्यातला चांदवा सुटून गेलेला होता.

६. आता कागदाविषयी. गणनापत्रकावर एकेचाळीस रेघा आहेत व बाजूला दोन ठिपके. अठ्ठावीस रेघा महिपतीने ओढल्या, त्याबद्दल वाद नाही. उरलेल्या तेरासुद्धा डावीकडे कललेल्या आहेत. खाली समाप्तीची वेळ आहे, ८ वाजून २१ मिनिटे, तीही त्याच वळणात. पेन मात्र पंचनाम्यानुसार महिपतीच्या शर्टाच्या खिशात सापडले, विहिरीत. आणि त्याच्या मनगटावरचे घड्याळ ८ वाजून १४ मिनिटांनी पाणी शिरून बंद पडलेले होते. चौदाला जो विहिरीत होता त्याने एकवीसपर्यंत लिहिले कसे, एवढेच अर्जदाराने पहिल्या अर्जात विचारले होते.

आपल्या कक्षाने उत्तर दिले की, घड्याळ मागे असू शकते. महोदय, बाकी सर्व काही अर्जदार ऐकून घेईल. ते घड्याळ आदल्या संध्याकाळी अर्जदाराने स्वतः तेल घालून, वेळ लावून दिले होते. अर्जदाराच्या हातून गेलेले घड्याळ एका रात्रीत सात मिनिटे मागे पडत नाही. पेनाबद्दल आपण कळवले की, मयताकडे दोन पेने असावीत. दुसरे पेन कोठे आहे, हे कळवले नाही.

७. दुसऱ्या उत्तरात आपण फारच पुढे गेलात. त्यात म्हटले आहे की, ज्या अर्थी रेघा पूर्ण आहेत त्या अर्थी लेखनिक शेवटपर्यंत जागेवर हजर होता. आणि हाक मारली गेली असती तर कादंब उडाले असते. सबब हाक मारली गेलीच नाही. शिवाय चारशेखाली आकडा गेल्यास तलाव संरक्षित यादीतून वगळावा लागेल, ही भीती घातली आहे. पक्षी चारशे बाराच होते. हवे तर यादीत तसे ठेवावे, तलाव राखावा. हाकेने ते उडाले नाहीत कारण वारा त्यांच्याकडून अर्जदाराकडे होता. उडाले असते तर बरे झाले असते. मोजायला काही उरले नसते आणि अर्जदाराने मागे बघितले असते.

८. बांधावर आपण फलक लावला आहे : 'येथे ४१२ कादंबांची विक्रमी नोंद', खाली दोघांची नावे. महिपतीच्या पत्नी श्रीमती विजयमाला वैरणीला जाता-येता तो फलक पदराने पुसतात. आल्यागेल्याला सांगतात, 'शेवटपतोर लिवलं त्यांनी. काम पुरं करून गेलं.' अर्जदारास सोलापुरात शाल व सन्मानपत्र मिळाले तेव्हा टाळ्या वाजवायला त्या पहिल्या रांगेत होत्या.

तिसऱ्या दिवशी, रक्षा सावडून आल्यावर, त्यांनी अर्जदारास एकच प्रश्न विचारला होता. 'भावजी, त्यांनी हाक मारली व्हती का वो?'

अर्जदार म्हणाला, 'नाही वहिनी.'

पोलिसांच्या जबाबातही तेच लिहून दिले. वर्ष होत आले. ते 'नाही' अर्जदाराने अजून परत घेतलेले नाही. खरे सांगायला अर्जदार चार वेळा शिरसाडीला गेला आणि चारही वेळा चहा पिऊन परत आला. समोर बसले की त्या म्हणतात, तुमी व्हता जवळ, तेवढंच समाधान. मग कोणाचे तोंड उघडेल?

९. दरम्यानच्या काळातील वस्तुस्थिती अशी की, दुकानात भिंग डोळ्याला लावून बारीक काम करताना अर्जदारास मागून 'फुडं' ऐकू येते. ओरडून नाही, रागाने नाही. रागाने आले असते तर सोसले असते. कौसर म्हणते, मागे कोणी नाही. ते अर्जदारालाही दिसते.

गेल्या नोव्हेंबरात अर्जदार एकटा तलावावर गेला. सकाळची वेळ, ऊन चांगले पडलेले. चांदवे बरेच होते म्हणून मोजून पाहिले. 'दहा' म्हटले की मागून 'फुडं' येई. अर्जदार मान न वळवता मोजत राहिला. घाबरला नाही. खरे म्हणजे त्याला बरे वाटले, जोडीदार परत आल्यासारखे. दोनशे ऐंशी झाले. मागून काही आले नाही. अर्जदार थांबला. मग 'फुडं' आले, पण पाण्याकडून, जाळ्याच्या बाजूने, जिथे विहीर आहे तिथून. या खेपेस अर्जदाराने ताबडतोब डोळा काढला, गुडघाभर पाण्यात धावला, हाका मारल्या. शिवप्पांनी काखेत हात घालून बाहेर ओढले आणि म्हणाले, 'चाचा, आता काय उपेग?' अर्जदारास दोनशे ऐंशीच्या पुढे आता मोजता येत नाही. डॉक्टरी दाखला नाही, कारण हे कोणत्या डॉक्टरला सांगावे ते समजत नाही.

१०. तरी अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. आकडा २८० करावा. ते अशक्य असल्यास आकडा राहू द्यावा, परंतु शेरा रकान्यात पुढील वाक्य घालावे : 'दोनशे ऐंशीनंतर लेखनिकाने दोन वेळा हाक मारली. मोजणाऱ्याने डोळा काढला नाही.' त्याची सही-शिक्क्याची नक्कल श्रीमती विजयमाला यांना द्यावी. तोंडून निघत नाही ते निदान सरकारी कागदावरून त्यांना कळावे, म्हणून हा सगळा खटाटोप. तसेच येत्या १२ तारखेच्या गणनेपूर्वी सर्व स्वयंसेवकांस लेखी कळवावे की, मागचा माणूस बोलला तर आधी मागे बघावे. पक्षी उडून जातील, तर जाऊ द्यावेत. पुढल्या हिवाळ्यात ते परत येतात.

११. हे लिहीत असता अर्जदाराच्या ध्यानात आले की, पहिल्या तीन अर्जांच्या वेळी त्याने आपल्या उत्तराची वाट बघितली. म्हणजे श्रीमती विजयमाला यांना वर्षभर त्याने पुन्हा तोच हात दाखवला. जरा थांबा, एवढे होऊ दे. आता आणखी ते करणे बरे नव्हे. सबब या अर्जाचे उत्तर आपण सवडीने द्यावे किंवा देऊही नये. प्रत आजच रवाना होत आहे.

उत्तराची वाट न पाहणारा,
आपला नम्र,

(अतीक मकदूम मुजावर)
मोहोळ, दि. २ जानेवारी २०२५

सोबत :
१. गणनापत्रकाची छायाप्रत. रेघा मोजून पाहाव्यात.
२. पंचनाम्याची छायाप्रत.
३. सन्मानपत्र, मूळ, चौकटीसह, व शाल.
४. कक्षाने वापरास दिलेली दुर्बीण, तिपाईसह. पोच नको.

प्रत माहितीसाठी :
श्रीमती विजयमाला महिपती लेंगरे, रा. शिरसाडी, ता. मोहोळ.
वहिनी, व्हय. हाक मारली होती. दोनदा. मी ऐकली.