भरतीला मोजलेले पक्षी

ती. आईस साष्टांग नमस्कार. काल चिखलात खरोखरच साष्टांग पडले, त्यामुळे हा अगदी ताजा आहे.

मी छान आहे. वेळेवर जेवते. खोकला आहे थोडा, तो जाईल.

मी जिथे पक्षी मोजते ना, ती खाडीकाठची दलदल भरून गोदामं बांधायचं ठरलंय. परवा आमचे साहेब आले, दुर्बीण लावली आणि म्हणाले, "पक्षी नाहीत इथे. तसं लिही आणि सही कर."

म्हटलं, "साहेब, भरती आहे. चिखल पाण्याखाली गेलाय. पक्षी ओहोटीला उतरतात, थांबा."

"तेवढा वेळ कुणाला आहे?"

आई, दुपारी आपल्या गिरणीला कुलूप बघून कुणी म्हणालं असतं, की या गल्लीत कुणी दळणच आणत नाही, तर तू काय केलं असतंस? मीही तेच केलं. खोचायला पदर नव्हता, म्हणून बाह्या सरसावल्या. सही केली नाही, करणारही नाही.

साहेब सध्या बोलत नाहीत. नोकरीचं बघू. कदाचित लवकरच गिरणीवर तुझ्या मदतीला येईन. बाबांना इतक्यात सांगू नकोस. गोळ्या घेतात ना ते?

साहेबांची गाडी गेली, पाणी ओसरलं आणि थवा उतरला. त्यात गेल्या वर्षी मी पायात खुणेची कडी घातलेला तुतवारही होता. समुद्र ओलांडून थेट याच चिखलात आला. इथे पक्षी नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी