घुबडाच्या पिल्लाला दूध-पाव

ती. आईस,

नमस्काराआधी खुशाली सांगते. वेळेवर जेवते आणि हाताची जखमही भरत आली आहे. घारीनं ओरबाडलं होतं, तेव्हा मुद्दामच कळवलं नाही.

पाखरांचं उपचार केंद्र उघडून चार महिने झाले. घरोघरी पत्रकं वाटली, पण लोक जखमी पाखरू आणतात ते अगदी जीव जायला आला की. नुसता वैताग आलाय.

परवा कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई टोपलीतून घुबडाचं पिल्लू घेऊन आल्या. तीन दिवस घरी ठेवून त्याला दूध-पाव भरवला होता. ते माझ्या हातातच गेलं आणि माझा तोल सुटला. "दूध पचतं का घुबडाला? तुम्हीच मारलंत त्याला!" त्या रिकामी टोपली घेऊन निघून गेल्या.

संध्याकाळी माफी मागायला गेले.

"मग काय द्यायचं असतं गं त्याला?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. खोक्यात ठेवायचं आणि मला बोलवायचं."

आई, पत्रकात मी केंद्राची थोरवी गायली होती, पण एवढं साधं वाक्य लिहिलंच नव्हतं. स्वतःचाच राग आला.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "दुकानात वटवाघूळ पडलंय. खोक्यात ठेवलंय. शेजारीण दूध घेऊन आली होती, तिला हाकलून दिलंय. पळत ये."

पळत गेले. पंख फाटलाय, पण जगेल.

बाबांचा गुडघा कसा आहे? "सोड ते खूळ" म्हणाले, तर वटवाघळाचं तेवढं वाचून दाखव.

तुझी,
धाकटी